पत्र्यातली अक्षरं

'भेट' कापायला सोपं असतं.
'ट'चं पोट उघडं, पत्रा कुठे अडत नाही,
एका चहात होऊन जातं.

'कर्ज'चं तसं नाही.
'क'च्या पोटात पत्र्याचा तुकडा राहतो,
त्याला पूल ठेवावा लागतो,
नाहीतर तो गळून पडतो
आणि खोक्यावर उमटतो नुसता काळा डाग.

एकोणीस वर्षं भद्रकालीतल्या या दुकानात
अंबडच्या गोदामासाठी मी अक्षरं कापली.
तंबू, सलाईन, वाळवलेल्या कांद्याची पावडर,
सगळ्यांवर एकच ओळ:
भारतीय जनतेकडून भेट.
जनता म्हणजे मीसुद्धा, हे मला
पत्रा कापताना कधीमधी आठवायचं.
एकदा एका खोक्याच्या तळाला
हळूच अंगठा उठवला होता, काळ्या रंगाचा.

मग पेखळेशेठ आले, चष्मा कपाळावर.
"कोकणीभाई, धोरण बदललं.
भेट काढा. विकास भागीदारी टाका."
मी म्हटलं, अक्षरं वाढली, दर वाढेल.
"दर तोच. खोकी कमी होतील."
पुढच्या साली पुन्हा आले: सवलतीचं कर्ज.
देशही दुसरा, समुद्रातलं कुठलंसं बेट.
शेठनी भिंतीवरच्या नकाशात बोट टेकवलं
तर बोटाखाली बेट झाकून गेलं.
"आणि आधीचा देश?"
"तो आता प्राधान्यात नाही."
प्राधान्यात.
हा शब्द कापायचा झाला तर किती पूल लागतील,
मी मनात मोजत बसलो.

त्याच देशातून हवालदार गायधनी परत आले,
पळसे गावचे, मुदतीच्या सात महिने आधी.
अख्खी तुकडीच बोलावून घेतलेली.
निळी टोपी प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी मोटारसायकलच्या हँडलला.
देवळालीच्या रेंजवर तोफ उडाली,
दुकानातले पत्रे थरथरले,
ते हलले नाहीत.
म्हणाले, "तिथे लहान आवाजाला घाबरायचं."

छावणीच्या गेटाबाहेर एक बाई शेंगदाणे विकायची,
न्यालुआक तिचं नाव.
पाण्याची वेळ तिला घड्याळापेक्षा पक्की.
निघायच्या आठवड्यात हुकूम आला:
टाकी सोबत, यंत्र सोबत, तोट्यासुद्धा मोजून.
टाकीवरची अक्षरं खरवडायला यांनाच लावलं,
रंगवली यांनीच होती म्हणून.
ती बघत उभी. तिने विचारलं,
नवा रंग देणार का?
"मी हो म्हणालो," गायधनी म्हणाले,
"तिच्या भाषेतला तेवढाच शब्द यायचा मला."

मग त्यांनी पिशवीतून पत्रा काढला, मधोमध दुमडलेला.
माझाच होता. रजेवर आले तेव्हा कापून नेलेला:
वर तिच्या बोलीत पाणी, खाली आपल्या.
'प'चा पूल तुटला होता.
"सरळ करून द्याल?"
कुठे उठवणार, असं ओठावर आलं होतं,
पण मी हातोडी शोधायला वळलो.

ठोकला, झाळला, कानशीने घासला.
पैसे विचारले त्यांनी. म्हटलं, राहू द्या.
लगेच वाटलं, हेही एक धोरणच झालं.
घेतले वीस रुपये.

परवा पळशाला गेलो होतो, एका लग्नाला.
गायधनींच्या गच्चीवर टाकी,
पांढरा रंग दिलेली, त्यावर काळ्या दोन ओळी.
खालची सगळ्यांना वाचता येते.
वरची
लोकांना टाकीच्या कंपनीचं नाव वाटतं.